दारातली धाकटी

पोटाशी फोन थरथरला आणि चादर तिरकी गेली. झालं ते एवढंच. गरम रोलरमध्ये चादर घालताना तिचे दोन कोपरे ताणून काठ सरळ सोडायचा असतो. एकदा तिचं तोंड आत गेलं की मागे ओढता येत नाही, ओढली तर बोटं भाजतात. पलीकडून सर्कस ओरडली, "अगं धर, धर!" पण चादर गेली ती गेलीच, आणि त्या बाजूला बाहेर पडली तेव्हा तिच्या कोपऱ्याला चांगली हातभर, कडक, चकाकणारी चुणी पडलेली. सर्कस म्हणजे रोलरच्या त्या बाजूला उभी राहणारी माझी जोडीदारीण. मोठ्या हॉटेलच्या तळघरात आमची ही धुलाई; मी चादर घालते, ती झेलते, आणि हवेतल्या हवेत घडी करते म्हणून तिचं नाव सर्कस. माझ्याकडे बघत बघत तिनं ती चादर परत भिजवायच्या ढिगात टाकली. फोन अजून थरथरत होता, ॲप्रनच्या खिशात कुणी बेडूक सोडावा तसा.

"कोण गेलं?" सर्कसनं विचारलं. आमच्या वयात फोन एवढा वाजला की लोक आधी हेच विचारतात.

"कुणी नाही. दुसरा ट्रेलर आला असणार. तळ्याच्या सिनेमाचा."

"म्हणजे ते तुझं कार्टून?" तिनं कपाळाला हात लावला. "नवरा गेला तेव्हासुद्धा तुझी चादर तिरकी गेली नव्हती, बाई."

हे खरं होतं. पण नवऱ्याचं काय होणार हे डॉक्टरपासून वॉर्ड झाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, त्यात अंदाज करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सिनेमाचं तसं नव्हतं. तो अजून कुणीच पाहिलेला नव्हता. आमच्या फोनवरच्या ग्रुपात 'कार्टून' म्हटलं की शिव्या बसतात, ॲनिमेशन म्हणायचं. गोष्ट जुनीच, लहानपणी सगळ्यांच्या कानावरून गेलेली: एक मुलगी तळ्यात वाकून हसते, तिचं हसू पाण्यात पडतं, ते आणायला ती तळाशी जाते, तिथली म्हातारी तिला कामाला जुंपते, आणि शेवटी ती आपलं हसू घेऊन वर येते. या गोष्टीवर सिनेमा निघतोय अशी बातमी आली, पाठोपाठ एक पोस्टर आलं, आणि त्या एका पोस्टरवर आम्ही माणसं अख्खा हिवाळा जगलो. मुलगी पाण्यातून बाहेर येतेय, मग तिचे बूट कोरडे का? एक जण म्हणाला, चित्रकार विसरला असेल. त्याला सगळ्यांनी मिळून झोडपलं, कारण असे चित्रकार काही विसरत नसतात, निदान सिनेमा येईपर्यंत तरी नाही. कुणी म्हणालं, ती अजून गेलेलीच नाही. कुणी म्हणालं, ती मेलेली आहे. मला त्यांच्यात बरं वाटायचं. एवढी शिकलीसवरलेली माणसं, कुणी बँकेतली, कुणी चष्म्याच्या दुकानातली, आणि सगळी एका मुलीच्या बुटांसाठी ताटातलं गार करून भांडतायत. माझ्या वयाची शेजारपाजारची माणसं गुडघ्यांवर बोलतात. गुडघ्यांचं पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत असतं.

आणि मी त्या ग्रुपात नुसती बसून नव्हते. तिथे माझं नाव होतं. पहिला ट्रेलर आला होता तेव्हा मी तो इतरांसारखा घटाघट पाहिला नव्हता. मी वाचायला शिकले पन्नाशी उलटल्यावर, शाळा सुटली की त्याच बाकांवर भरणाऱ्या वर्गात, गुडघे बाकाखाली मावत नसताना. अजूनही ओळ मला एकदम दिसत नाही. एक अक्षर, मग त्याच्या शेजारचं, मग त्याचा काना, आणि मग कुठे तो शब्द तोंड वर करून माझ्याकडे बघतो. ट्रेलरही मी तसाच पाहिला, अंगठ्यानं थांबवत, पुढे ढकलत, थांबवत. मुलगी घरातून धावत बाहेर पडते आणि तिच्या पाठीमागे, पापणी लवेल एवढाच वेळ, उघडं दार दिसतं. त्या दारात कुणीतरी उभं होतं. काळपट, अरुंद, एका खांद्यावर कललेलं. मी खाली लिहिलं, "ती तिची धाकटी बहीण आहे." एवढी एक ओळ लिहायला मला पूर्ण दुपार लागली असेल. सगळे तुटून पडले: कुठली बहीण? गोष्टीत बहीण कुठे आहे? मग मी बोलून पाठवलं, कारण बोलायला मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मी सांगितलं की माझी आई सांगायची त्या गोष्टीत एक धाकटी होती. मोठी तळ्यात गेली की घराचं दार लागता कामा नये. दार लागलं तर मोठी घर विसरेल आणि तळाशीच राहील. म्हणून धाकटी उंबऱ्यात पाय घालून उभी राहते. वारा येतो, दार तिच्या पायावर आपटतं, ती हलत नाही. तळाशी मोठी कामं करत असते तोवर वर ही उभी. त्या संध्याकाळी ग्रुपात जी धमाल उडाली! पेन्सिल म्हणून एक चित्रकला शिकणारी मुलगी आहे, तिनं त्या धाकटीचं चित्रच काढून टाकलं, दारात पाय, हातात काही नाही. लोकांनी ते चित्र आपल्या नावाशेजारी लावलं. मला सगळे दारवाली म्हणायला लागले. मी कामावर जाता-येताना बसमध्ये उभी असायची आणि मनात म्हणायची, दारवाली चाललीय, जरा सरका.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यावर बसून मी दुसरा ट्रेलर लावला. सर्कस शेजारी डबा उघडून बसली होती. गाणं नवीन होतं, म्हातारी पहिल्यांदा नीट दिसली, तिचे केस पाणवनस्पतीसारखे हलत होते, आणि मग ते घर आलं, ते दार आलं. या वेळी त्यांनी कॅमेरा आत नेला होता. दारामागच्या खुंटीवर एक कोट टांगलेला होता. काळपट, अरुंद, खुंटीवर एका बाजूला कललेला. मुलगी तो काढते, अंगात घालते आणि निघून जाते. मी थांबवलं. मागे नेलं. पुन्हा थांबवलं. कोटाला दोन बटणं नव्हती, इतकं नीट काढलं होतं त्यांनी.

"कोट आहे की गं," सर्कस माझ्या खांद्यावरून म्हणाली.

"दिसतंय मला."

"चांगला आहे पण. ऊबदार."

खाली संदेशांचा नुसता पाऊस पडत होता. कोट! कोट!! दारवालीचा कोट! मावशी, थंडी वाजत असेल ना? कुणीतरी पेन्सिलीच्या चित्रातल्या धाकटीला खुंटीवर टांगून पाठवलं होतं. सगळ्यात शेवटी सव्वाशहाणा. हा ग्रुप चालवणारा मुलगा, चष्म्याच्या दुकानात काम करतो, नाव त्यानं स्वतःच घेतलंय. त्यानं लिहिलं होतं, "मावशी, नियम म्हणजे नियम. उद्या दुपारपर्यंत माती."

माती म्हणजे आमच्या ग्रुपाची रीत. ज्याचा अंदाज फुसका निघतो त्यानं त्या अंदाजाखाली स्वतःच्या हातानं लिहायचं, मी माती खाल्ली. मग सगळे हसणारे चेहरे पाठवतात, आणि झालं, माणूस पुन्हा नवा अंदाज करायला मोकळा. न लिहिलं तर ग्रुपातून बाहेर. त्यात वाईट काही नाही, उलट मजा असते; तळ्यावरचा बगळा म्हणजे राजपुत्र असं छातीठोक सांगणाऱ्या गृहस्थांनी माती खाल्ली तेव्हा सगळ्यात मोठ्यांदा मी हसले होते. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाची एक अख्खी रांग आम्ही मिळून घेतली होती, त्यात पेन्सिलीच्या शेजारची खुर्ची माझी होती. तीन शब्द लिहायचे होते. तेही मला येत होते, जोडाक्षर एकच. मी अंगठा वर धरला आणि तो खाली जाईना.

"लिहून टाक ना," सर्कस म्हणाली. "तुझ्या बापाचं काय जातंय?"

बापाचंच तर होतं सगळं. सुट्टी संपली, आम्ही रोलरशी जाऊन उभ्या राहिलो, चादरी जायला लागल्या, आणि मला सकाळची ती खोली दिसायला लागली. आई लोकांच्या इमारतींचे जिने पुसायची. निघण्याआधी आमच्या दोघींच्या वेण्या घालायची आणि वेणी घालताना गोष्ट सांगायची, कारण गोष्ट चालू असली की पोर मान हलवत नाही. पहिली ताई, कारण तिला शाळा. मी भिंतीला टेकून माझ्या पाळीची वाट बघत ऐकायची. ताईची वेणी संपायची, ताई दप्तर घेऊन पळायची, आणि तिच्या गरम झालेल्या जागेवर मी बसायची. आतल्या खोलीत बाबा. जिवंत होते तोवर ते त्या खाटेवरच होते, त्यांना पाणी लागायचं, कुशीवर वळवायला कुणीतरी लागायचं, आणि हे कुणीतरी म्हणजे मी असं कधी, कुणी, कुठे बसून ठरवलं ते मला आजतागायत माहीत नाही. कंगवा माझ्या केसांत शिरायचा आणि गोष्ट पुढे सुरू व्हायची. कंगव्याच्या दातांची ती ओढ अजून टाळूला आठवते. आईच्या हातांना जिने पुसायच्या साबणाचा वास. आणि ती धाकटी, दारात पाय घालून. वेणी झाली की आई माझ्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "चला, आता दार सांभाळ. मी आलेच."

एक चादर, दुसरी चादर. रोलरची वाफ तोंडावर येत होती. आधी कधी न आलेली गोष्ट तेव्हा माझ्या मनात आली. ताईनं गोष्टीचा तो भाग ऐकलाच नव्हता. ती तोवर गेलेली असायची.

संध्याकाळी घरी आले आणि तिला फोन लावला. ताई दुसऱ्या गावी असते. जन्मभर शाळेत शिकवलं, आता निवृत्त, पण आवाज अजून फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"धाकटी?" ती म्हणाली. "कसली धाकटी? त्या गोष्टीत एकच मुलगी आहे."

"आई सांगायची त्यात दोन होत्या."

"अगं, मी ती गोष्ट शेकडो पोरांना शिकवली. पुस्तकात आहे. एकच मुलगी आहे."

"पुस्तकातलं नाही विचारत मी. आई."

"आई हेच सांगायची. मीही तिचीच मुलगी आहे ना? मलाही कान होते." मग तिचा आवाज मऊ झाला, वर्गात रडणाऱ्या पोराशी बोलावं तसा. "तू घातली असशील गं नंतर. लहान होतीस, घरात एकटी असायचीस. होतं असं. त्यात वाईट काय?"

मी फोन ठेवला. वाईट काही नाही म्हणे. एकच मुलगी आहे, हे ती ज्या सहजपणानं म्हणाली! खिडकीशी बसले. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा कठड्यावर टाकून झोडपत होतं. मी विचार करायला लागले, आणि हा विचार चादरीसारखा नव्हता, एकदा आत गेला की सरळच बाहेर येईल असा नव्हता. समजा, ताई म्हणते तसं ती धाकटी मीच घातली. भिंतीला टेकून, बाबांच्या खोकल्याकडे कान ठेवून, रोज थोडी थोडी. किंवा समजा, आईनं घातली. ताई गेल्यावर, फक्त मला, कंगवा फिरवता फिरवता. पण मग कशासाठी? मला बरं वाटावं म्हणून? की पोर दारातून हलू नये म्हणून? ताईच्या मागे शाळेपर्यंत पळत जाऊ नये म्हणून तिनं मला एक काम दिलं, मोठ्या मानाचं, गोष्टीतलं काम. दार लागलं तर ताई हरवेल. आणि मी उभी राहिले. बाबा गेले तरी उभी. ताई शिकली, ताईचं लग्न, ताईची नोकरी, ताईचं घर, आणि दर वेळी मला वाटत आलं की यात आपलाही पाय आहे, आपण तो काढला असता तर बिचारी तळाशीच राहिली असती. आईचा राग यावा म्हणून मी थांबले. आलाही. पण अर्धाच आला; दमलेल्या बाईनं वेणी घालताना एवढं मोठं कुलूप घडवावं आणि ते एवढं सुंदर असावं, याचं काय करायचं ते मला कळेना.

फोन थरथरला. सव्वाशहाणा. एकट्या मला लिहिलं होतं, ग्रुपात नाही. "मावशी, रागावलात का? अहो, सगळेच खातात. तीन शब्द लिहा आणि सुटा. तुमची खुर्ची आहे ना आपल्या रांगेत."

मुलगा वाईट नाही. मी त्याला बोलून पाठवलं, "बाळा, मी म्हटलं होतं दारात धाकटी आहे. त्यांनी तिथे कोट टांगला. चूक त्यांची झाली. माती त्यांना खायला सांग."

त्यावर त्याचे हसणारे चेहरे आले, आणि त्यांच्या खाली, "असं नाही चालत हो. सिनेमा त्यांचा आहे."

सिनेमा त्यांचा आहे. हे मात्र मला लागलं. त्यांचा आहे तर आम्ही सगळा हिवाळा काय करत होतो? ते बूट कोरडे होते तेव्हा ते कुणाचे होते? सिनेमा अजून यायचा आहे, तोवर तो जितका त्यांचा तितका बगळेवाल्या गृहस्थांचाही आहे. तो बगळा राजपुत्र होता, चांगला महिनाभर होता, मी स्वतः पाहिलाय. त्यांनी उगाच माती खाल्ली. मला आता त्यांचंही वाईट वाटायला लागलं. येऊन येऊन काय येणार, एक कोट? तो टांगायला कुणाला फार काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी टेबल पुसलं, फोन उभा करून ठेवला आणि लिहायला बसले. बोलून नाही पाठवायचं असं ठरवलं होतं. बोललेलं हवेत जातं, मग कुणीही म्हणू शकतं की असं कुणी सांगितलंच नव्हतं. अक्षर, मग शेजारचं अक्षर. एवढं लांब मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. आई सांगायची तसंच सुरू केलं, मोठी, तिचं हसू, तळं, म्हातारी, आणि मग वर घरात धाकटी, तिचा पाय, वारा, दाराचे तडाखे. इथपर्यंत ठीक चाललं होतं. पायाचं लिहिताना माझाच पाय मुंग्या येऊन जड झाला, म्हणून तो टेबलाखालून बाहेर काढून मी लांब केला, आणि तो लांब करताना जे सुख झालं, ते सुख झालं म्हणून पुढची ओळ आली. आईनं ती सांगितली नव्हती. ही माझी, हे मी शपथेवर सांगते. मी लिहिलं: मग एके दिवशी धाकटीनं उंबऱ्यातून पाय काढला. दार धाडकन लागलं. तिनं डोळे मिटले आणि वाट पाहिली. काही झालं नाही. वारा बाहेर होता तो बाहेरच होता. तिनं पाय चोळला, आणि घराच्या मागे काय आहे ते तिनं कधी पाहिलेलं नव्हतं म्हणून ती तिकडे चालायला लागली.

आधी ते ताईला पाठवलं. मग ग्रुपात, बरोबर त्या जागी, माझ्या जुन्या ओळीखाली, जिथे तीन शब्द यायचे होते.

मग एकानं विचारलं, हे काय आहे, नवीन काही फुटलंय का, सिनेमातलं आहे का? दुसरा म्हणाला, एवढं मोठं कोण वाचणार. पेन्सिलीनं नुसतंच लिहिलं, "मागे काय आहे?" मी उत्तर लिहायला घेतलं. 'घ' झाला, 'रा' झाला, आणि पडद्यावर पाटी आली की आता तुम्हाला इथे लिहिता येणार नाही. दुपार झाली होती. मुलगा शब्दाचा पक्का निघाला. गेली खुर्ची. वाईट वाटलं, खोटं का बोलू. पेन्सिलीच्या शेजारी बसून मला ते बूट एकदा डोळ्यांनी बघायचे होते. पण तिकीट खिडकीवरही मिळतं. आणि त्या काळोखात कोण कुठल्या रांगेत बसलंय हे पडद्याला दिसत नाही. मी बसेन, शेवटपर्यंत बसेन, आणि ते दार आलं की मला जे दिसायचं ते दिसेल.

मग फोन वाजला. थरथरला नाही, वाजला. ताई.

"वाचलं," ती म्हणाली. "चुका आहेत."

"असू देत."

"आईनं असं काहीही सांगितलेलं नाही."

"नसेल सांगितलं. मी सांगतेय."

तिच्या घरातल्या घड्याळाचा आवाज मला ऐकू येत होता. रागावली असेल असं मला वाटलं, आणि रागावली तर रागावली, असंही वाटलं. मग ती बोलली तेव्हा तो शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज नव्हता. हळू होता, जरा भांडखोर, वेणी अर्धी सोडून आई उठून गेल्यावर पोरीचा व्हावा तसा.

"पण असं कसं गं करतेस तू? तिनं असा पाय काढला, दार लागलं. आता मी परत कशी येणार?"

"ठोठावायचं," मी म्हटलं. "मी घरात असले तर उघडीन."